मयताचे पांढरे, लग्नाचे पांढरे

अकोटच्या एसटी स्टँडवर बाबांनी मला बसमध्ये चढवायच्या आधी बसच तपासली. ते डेपोत मेकॅनिक. माझी बॅग वर ठेवायची सोडून आधी ड्रायव्हरला म्हणाले, "चालू कर बरं एकदा." कान लावून इंजिन ऐकलं, बॉनेटवर दोन थापा मारल्या आणि मग मला म्हणाले, "जाय. अकोल्यापर्यंत काई होत नाई इले." लिहायचं काम शोधायला मी मुंबईला निघाले होते, अकोल्याहून पुढे रेल्वे होती. तिची हमी त्यांच्याकडे नव्हती.

मायचं रडणं घरीच आटोपलं होतं, स्टँडवर ती नुसती भांडत होती. भाकर आजच खाजो, ठेचा सांडू नोको, गाडीत कोनी काई देलं त खाऊ नोको. तेवढ्यात बाजारातून नारायणकाका माळी धावत आले. त्यांची गावाबाहेर शेवंती-गुलाबाची शेती आणि बाजारात फुलांची गादी; बाबांचे ते जुने मित्र. त्यांच्या हातात कागदाची पुडी होती. बस हलली तशा त्यांनी गुलाबाच्या पाकळ्या खिडकीतून माझ्या डोक्यावर टाकल्या. कंडक्टर म्हणाला, "काका, लगन हाय का पोरीचं?" काका म्हणाले, "लगनापेक्षा मोठं हाय, तू तिकीट फाड." अख्खी बस माझ्याकडे बघत होती आणि मी केसांतून पाकळ्या वेचत अकोल्याला पोचले.

पण त्याआधी बाबांनी खिडकीचा गज धरून एक गोष्ट सांगितली होती. "प्रज्ञा, तठी कोनी नाव इचारलं त पूर्न सांगजो. अर्धं नाव सांगनारा मानूस अर्धाच रायते."

अकोटच्या माझ्या दोस्तांनो, त्याच स्टँडवरून तुम्हीही बरेच जण गेलात. कोणी पुण्याला, कोणी सुरतेला, एक तर थेट दुबईला. उरलेले अजून तिथेच आहात. मागच्या महिन्यात मालिकेतलं ते लग्न पाहून तुम्ही सगळ्यांनी मला फोन केले, "हे झालं तरी कसं?" म्हणून विचारलंत. प्रत्येकाला वेगळं सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून राहिली.

बाबांचं तुम्हाला ठाऊकच आहे, पण हे वाचणाऱ्यांत माझे ठाण्याचे शेजारीही असणार, म्हणून सांगते. सहा दिवस बाबांचे हात ऑइलमध्ये असायचे आणि रविवारी ते लग्न लावायचे. आमच्या बौद्ध समाजात लग्न लावायला भटजी नसतो, बाबांसारखा माणूस असतो, पांढरा शर्ट, पांढरी पँट. नवरीही पांढऱ्या साडीत. टेबलावर पांढरं कापड, त्यावर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्ती, अगरबत्ती, फुलं. सगळे उभे राहून त्रिशरण-पंचशील म्हणतात, मग नवरा-नवरी स्वतःचं पूर्ण नाव घेऊन प्रतिज्ञा करतात. शेवटी अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या. माय म्हणायची, "याइच्या नखातलं काळं जात नाई, पन शर्ट पाय कसा बगळ्यावानी." नारायणकाकांच्या घरी गणपती बसतो, गौरी येतात, पण गिऱ्हाईक आलं की ते आधी विचारतात, लगन कोनतं? बुद्धाचं असलं की पाकळ्या देठ काढून बांधतात, कारण त्या माणसांच्या डोक्यावर पडणार आणि देठ डोळ्यात जातो.

आता टीव्ही. मायला मालिकांचा भारी नाद. संध्याकाळी भाकरी थापता थापता तिचे डोळे तिकडेच. मोठमोठे बंगले, दारात तुळस, भिंतभर देव्हारा, झोपतानासुद्धा जरीच्या साडीतल्या बाया. माय सगळं मनापासून पाहायची, सुनेच्या दुःखानं हळहळायची, आणि मधेच हमखास विचारायची, "पन हे लोक कोनाच्या घरचे व्हय?" आम्ही हसायचो. माय, ते खोटे असतात गं. "खोटे त खोटे," ती म्हणायची, "पन कोनाच्या तरी घरचे असतीनच ना बाप्पा." मला आता वाटतं, टीव्हीबद्दल याहून मोठा प्रश्न मी पुढे कुठल्या मीटिंगमध्ये ऐकला नाही. आमचं घर त्यात कधीच नव्हतं. आलंच तर बातम्यांत यायचं, दसऱ्याला, नागपूरच्या गर्दीचं, उंचावरून घेतलेलं. खाली पट्टी असायची, जनसागर लोटला. सागरात कोणाला नाव नसतं.

ठाण्यात खोली शोधताना बाबांच्या वाक्याची पहिली परीक्षा झाली. "नाव?" प्रज्ञा. "पूर्ण?" प्रज्ञा वसंत तायडे. "हां हां. तायडे म्हणजे…?" मी म्हणाले, म्हणजे तायडेच. दोन ठिकाणी खोली त्याच मिनिटाला भाड्यानं गेली. तिसऱ्या ठिकाणी एका म्हाताऱ्या ख्रिस्ती बाईंनी नाव पुरतं ऐकायच्या आधीच किल्ली दिली आणि विचारलं, "मासे चालतात ना? मला रोज लागतात." मी तिथे अजून राहते.

मालिकेत मला लिहायचं काम मिळालं ते वऱ्हाडी बोलण्यामुळे. घोडबंदर रोडला स्टुडिओ आहे. तिथल्या मालिकेत दवाखान्यात एक विनोदी नर्स हवी होती, करुणा, अमरावतीची. भडाभडा बोलणारी, ट्रे पाडणारी, नायिकेच्या रडण्यात मधे येऊन लोकांना हसवणारी. त्यांना तिचे संवाद लिहायला कोणीतरी "तिकडचं" पाहिजे होतं. वऱ्हाडी माणूस टीव्हीवर आला की त्यानं हसवायचंच, असा तिथला अलिखित नियम. मी अमरावतीत तीन वर्षं कॉलेज केलं, तिथल्या नर्सा मी पाहिल्यात. रात्रपाळीत चार वॉर्ड एकटीनं ओढणाऱ्या. मी लिहायला घेतलं आणि करुणाला हसवू दिलं, पण ट्रे पाडू दिला नाही. एकदा तिनं मोठ्या डॉक्टरला सगळ्यांसमोर सुनावलं, "साहेब, पेशंटले काहून ओरडून राहिले? दुखून त त्याले राह्यलं." तो भाग लोकांना इतका आवडला की करुणा दर आठवड्याला येऊ लागली. तिला घर मिळालं, बहीण मिळाली. आडनाव मात्र मिळेना. मी पटकथेत लिहायचे, ते खोडून यायचं. "आडनाव कशाला? उगाच वाद." नायिकेच्या सासरच्यांचं आडनाव तर दर भागात दारावरच्या पाटीवर दिसायचं, त्याचा वाद कधी झाला नाही.

मग चॅनलनं ठरवलं की करुणाचं लग्न करायचं. मी लिहून दिलं. नवरा पातूरचा तलाठी, लग्न आपल्या पद्धतीनं, मुलगी पांढऱ्या साडीत. आणि मीटिंग बोलावली गेली.

चॅनलच्या मॅडम वाईट बाई नव्हत्या, हे मी आधीच सांगते. मला त्यांनीच कामाला घेतलं होतं. पण पान वाचून त्यांनी चष्मा काढला. "प्रज्ञा, लग्नात पांढरी साडी? अगं, नवरी आहे ती. विधवा वाटेल. संध्याकाळी साडेसातला बायका दिवा लावून टीव्हीसमोर बसतात, त्यांना अशुभ वाटेल."

मी म्हणाले, "मॅडम, माझी आई पांढऱ्या साडीतच लग्न होऊन आली. तिला तर काही अशुभ वाटलं नाही."

"तुझ्या आईचं वेगळं गं. मी सामान्य प्रेक्षकाबद्दल बोलतेय."

माझ्या डोक्यात सणक गेली. "माझी आई रोज तुमची मालिका बघते. तिच्याहून सामान्य प्रेक्षक तुम्हाला आणखी कुठला पाहिजे?"

खोलीत सगळे आपापल्या चहाकडे बघायला लागले. मग तडजोडी सुरू झाल्या. साडी क्रीम करू, काठ लाल ठेवू. हळद दाखवू. हळदीला माझी ना नव्हती, कारण आमच्याकडे बाबा कितीही बोलले तरी माय हळद लावल्याशिवाय राहत नाही. शेवटी कोणीतरी म्हणालं, फोटो जरा आउट ऑफ फोकस ठेवता येईल का, बाबासाहेबांचा. तेव्हा मी उठून उभी राहिले. म्हणाले, तो फोटो पुसट करायचा असेल तर लग्न तुम्हीच लिहा, आणि मालिकेतून माझंही नाव काढा. नोकरी गेली तर मासे खाणाऱ्या बाईंचं भाडं कुठून द्यायचं, हेही त्याच वेळी डोक्यात होतं. पण बोलून झालं होतं, आणि खरं सांगते, फार बरं वाटलं.

मॅडमनी तोडगा काढला. दोन लग्नं शूट करा. एक प्रज्ञाचं, एक रजिस्टर ऑफिसमधलं, सह्या करून. एडिट बघून ठरवू कुठलं दाखवायचं. म्हणजे काय ते मला कळलं. माझं लग्न कपाटात जाणार होतं.

शूटिंगच्या दिवशी लग्नाचे पाहुणे म्हणून गर्दीतले कलाकार बोलावले होते. हे लोक ठाणे-कल्याणकडून येतात, प्रत्येकाची स्वतःच्या कपड्यांची पिशवी असते. आदल्या दिवशी फोनवर सांगतात, भरजरी आणा किंवा साधे आणा. त्या दिवशी निरोप होता, पांढरे कपडे. आता या धंद्यात पांढरे म्हटलं की मयताचा सीन. त्यामुळे सगळे मयताला येतात तसे आले. बायकांच्या केसांत गजरा नाही, कपाळ कोरं, पुरुषांचे सदरे न इस्त्री केलेले. शकुंतलामावशी सगळ्यांत पुढे. रडायच्या कामात त्यांचा हात कोणी धरत नाही, मराठी टीव्हीवरच्या निम्म्या म्हाताऱ्यांना त्यांनी पोचवलंय. पिशवी खाली ठेवत त्यांनी मला विचारलं, "कोण गेलं आज?"

"कोणी नाही गेलं मावशी. लग्न आहे."

त्यांनी माझ्या खांद्यावरून सेटकडे पाहिलं. टेबलावर पांढरं कापड अंथरलं होतं, मूर्ती होती, फोटो होता. त्या बघतच राहिल्या. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "आपलं?"

मी म्हणाले, "आपलं."

पुढच्या अर्ध्या तासात काय झालं ते बघायला तुम्ही पाहिजे होतात. सेटवरच्या गजऱ्यांची टोपली रिकामी झाली. सदऱ्यांना इस्त्री मागितली गेली. बायका एकमेकींचे पदर नीट करत होत्या, आणि एरवी दुपारच्या जेवणापर्यंत पेंगणारे लोक ताठ उभे होते. त्यांच्यातले बरेच जण वर्षानुवर्षं एकत्र काम करत होते आणि त्या सकाळपर्यंत एकमेकांना हे बोलले नव्हते. सगळेच काही आपले होते असं नाही. जे नव्हते तेही बघून बघून नीट उभे राहिले.

लग्न लावणाऱ्याचं काम नाटकातल्या एका चांगल्या नटाकडे होतं. त्यांनी पाठांतर केलं होतं. दिग्दर्शकांनी गर्दीला सांगितलं, तुम्ही नुसते ओठ हलवा, आवाज नको, आवाज नंतर टाकू. कॅमेरा सुरू झाला. त्रिशरण नीट झालं. पंचशीलात तिसऱ्या शीलाला नट अडकले. एकदा अडकले, मागून सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडकले. आणि गर्दीतून शकुंतलामावशींनी पुढचं उचललं. मोठ्यानं. लगेच मागून सगळ्यांनी.

दिग्दर्शक ओरडले, "कट!"

कोणी थांबलं नाही. आपल्या माणसाला तुम्ही रस्त्यात थांबवाल, जेवताना थांबवाल, पण पंचशील अर्ध्यावर थांबवणार नाही. "कट, कट!" ते पुन्हा ओरडले. गर्दी डोळे मिटून, हात जोडून चौथ्या शीलावर गेली. मी वर पाहिलं तर दिवे धरणारा माणूस मचाणावर हात जोडून उभा होता. चहावाला किटली खाली ठेवून उभा होता. नटाचाही धीर परत आला आणि पाचव्या शीलाला तेही सुरात आले. शेवटी तीन वेळा साधू साधू साधू झालं.

दिग्दर्शक चांगले तापलेले होते. ते वळून कॅमेरामनला म्हणाले, "संजू, हे सगळं वाया. कट म्हटल्यावर बंद केलास ना?"

संजूभाऊ आठ-नऊ वर्षं त्यांच्याबरोबर. कमी बोलणारा माणूस. ते म्हणाले, "नाही केला सर."

"का?"

"मधेच कसा बंद करणार सर." आणि मग म्हणाले, "माझं नाव संजय गौतम वाहुळे आहे."

इतक्या वर्षांत त्यांचं आडनाव कोणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. दिग्दर्शकांनी त्यांच्याकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं, मग मॉनिटरसमोर बसून ते सगळं पुन्हा एकदा पाहिलं. मी मागे उभी होते. स्क्रीनवर पांढरंच पांढरं होतं, आणि सगळे चेहरे दिसत होते, एकेक, वेगळे. पाहून झाल्यावर ते खुर्चीतून न उठताच म्हणाले, "दुसऱ्या लग्नाचा सेट लावू नका. एवढं सोडून मी ते सह्यांचं काय दाखवू?"

पुढच्या भांडणाची पाळी माझ्यावर आलीच नाही, ते दिग्दर्शकच भांडले. मॅडमनी एडिट पाहिला आणि मला फोन केला. म्हणाल्या, "पांढरा रंग इतका भरलेला दिसतो हे मला माहीत नव्हतं. जाऊ दे तसंच." मी विचारलं, "आडनावासकट?" "आडनावासकट," त्या म्हणाल्या. तुम्हाला सांगते, मी फोन ठेवला आणि स्टुडिओच्या जिन्यात बसून मनसोक्त रडले.

भाग दाखवायच्या दिवशी मी रजा टाकून अकोटला आले. अकोल्याहून एसटी घेतली, स्टँडवर बाबा उभे होते, आणि त्यांनी माझ्याआधी बसच्या टायरकडे पाहिलं. घरी आमच्या लहानशा खोलीत माणूस मावत नव्हता. अर्धी गल्ली दारात, पोट्टे खिडकीत. नारायणकाका दुकान लवकर बंद करून आले होते, बगलेत पुडी. माय खाटेवर, गुडघे दुखतात म्हणून पाय लांब करून. मालिकेत लग्न आहे, याहून जास्त तिला मी काही सांगितलं नव्हतं.

साडेसात वाजले. करुणा पांढऱ्या साडीत आली. त्रिशरण सुरू झालं आणि बाबा उठून उभे राहिले. टीव्हीसमोर. हात जोडून. त्यांच्यामागे सगळी खोली उभी राहिली, दारातली गल्ली चपला काढून उभी राहिली. मायनं खाटेचा कठडा धरला आणि तीही उठली. टीव्हीतल्या लग्नाला कोणी उभं राहतं का? आमच्याकडे राहिले. तिसऱ्या शीलाशी नट अडकले तसे बाबा पुटपुटले, "अडकला तो." आणि मावशींच्या आवाजाबरोबर खोलीनंच पुढचं म्हटलं.

मग करुणा प्रतिज्ञेला उभी राहिली. कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "मी करुणा नामदेव इंगळे, राहणार बडनेरा…"

नामदेव इंगळे म्हणजे माझे आजोबा, मायचे वडील. बडनेऱ्याला रेल्वेच्या रुळांवर गँगमन होते. मी जन्मायच्या आधीच गेले. लग्न झाल्यापासून मायच्या नावामागे ते नाव लागलं नव्हतं, आणि ते आता अख्ख्या महाराष्ट्रात ऐकू गेलं. तेवढ्यात लग्न लागलं, नारायणकाकांनी पुडी फाडली आणि मूठ मूठ पाकळ्या टीव्हीवर फेकायला लागले. देठ काढलेल्या. गल्लीतल्या बायकांनी त्यांच्याच पुडीत हात घातला. पाकळ्या टीव्हीवर, मायच्या डोक्यावर, बाबांच्या खिशात. ते सगळं होईपर्यंत जाहिरात लागली होती आणि पाकळ्या एका साबणाच्या बाईवर पडत होत्या. सगळे हसले.

माय खाटेवर बसली. डोळे पुसले. शेजारची काकू तिला म्हणाली, "सुमन, पोट्टी मोठी चांगली दाखवली गं. कोनाच्या घरची व्हय थे?"

माय म्हणाली, "आपल्या घरची व्हय."

भाग झाल्यावर शिव्याही आल्या, त्या मी वाचल्या आणि विसरले. बाबा अजून त्या नटाच्या चुका काढतात. मी ठाण्याला परत आले. घर कुठलं म्हणून कोणी विचारलं की मी आधी अकोट म्हणते, मग ठाणे म्हणते, आणि दोन्ही वेळा खरं बोलते. जिथं पांढऱ्या साडीचं कारण सांगावं लागत नाही ते घर, असं मी पूर्वी समजायचे. तसं घर मला मिळालेलंच होतं. आता ते जरा लांबपर्यंत गेलंय. परवा सेटवर होते तेव्हा गर्दी जमवणारा माणूस शकुंतलामावशींना फोन करत होता. "मावशी, उद्या या, पांढरे कपडे घेऊन." पलीकडून मावशींचा आवाज मला इकडे ऐकू आला, चांगला खणखणीत.

"पांढरे म्हणजे कुठले? मयताचे की लग्नाचे, नीट सांग."